पाण्याला तुमच्यात काय म्हणतात?

पहिलीचा वर्ग. भिंतीवर प्राण्यांचा तक्ता. सरांनी छडीचं टोक कुत्र्यावर टेकवलं आणि विचारलं, "हे काय?" पुढच्या रांगेतला पोरगा ठणकावून म्हणाला, "सिटा." सर हसले. "अरे, सीता कुठं दिसली तुला इथं? ती रामायणात." वर्ग गप्प झाला आणि पोरगाही गप्प झाला. त्या दिवशी तो पुन्हा बोलला नाही.

कोरकू या आदिवासी भाषेत कुत्र्याला सिटा म्हणतात. पोराचं उत्तर बरोबर होतं.

दारात एक मुलगी उभी होती. धाकट्या भावाला शाळेत सोडायला आलेली, बारावी झालेली. तिला हसू आवरेना. सर जरा रागावूनच तिच्याकडे वळले, तेव्हा तिनं ओढणी तोंडावर धरून सांगितलं, "सर, त्यानं कुत्राच सांगितला." आमची आणि तिची ओळख ती अशी, 2016 च्या पावसाळ्यात. पुढची आठ वर्षं तिच्या शिक्षिका होण्याच्या खटपटीत आम्ही, म्हणजे आमच्या लहानशा संस्थेतली चार माणसं, कधी उपयोगी पडलो, कधी आडवे आलो. ते प्रकरण इथं जसंच्या तसं मांडते आहे. मुलीचं, गावाचं आणि कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही.

गाव मेळघाटातलं, धारणी तालुक्यातलं. विदर्भातल्या सरकारी नोकरांना मेळघाट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. "जास्त बोललास तर मेळघाटात टाकीन" ही धमकी कित्येक कचेऱ्यांत ऐकली आहे. ज्याला शिक्षा म्हणून डोंगरात पाठवलं, तो पहिल्या दिवसापासून खाली उतरायच्या बदलीची वाट बघतो. हे सर मात्र तसे नव्हते. अकोल्याकडचे, कामसू, वेळेवर येणारे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळायचे आणि वर माध्यान्ह भोजनाचा तांदूळ मोजायचा. त्यांचा दोष एवढाच की त्यांना कोरकू येत नव्हती. आणि ती यावी अशी अट त्यांना कुणी कधी घातलीच नव्हती.

कोरकू ही मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली भाषा, झारखंडातल्या संथाली-मुंडारीची बहीण, त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेला येऊन राहिलेली. मराठी आणि कोरकूचं नातं मराठी आणि तमिळपेक्षा जवळचं नाही. इथलं मूल घरात कोरकू ऐकतं, बाजारात हिंदी आणि शाळेत एकदम मराठी. कोरकूत नामांची वाटणी पुल्लिंगी-स्त्रीलिंगी अशी होत नाही, सजीव-निर्जीव अशी होते. म्हणून पोरं "आई आला" म्हणतात आणि मॅडमना बिनदिक्कत "तू कधी आला?" विचारतात. बाहेरून आलेल्या माणसाला यात उद्धटपणा दिसतो. पोरानं तर फक्त आपल्या व्याकरणावर मराठी शब्द चढवलेले असतात.

मेळावा

खरं तर आम्ही या कामाला आधीच लागलो होतो, पण चुकीच्या टोकाकडून. आदिवासी मुलामुलींनी शिक्षकी पेशात यावं म्हणून तालुक्याच्या गावी करिअर मार्गदर्शन मेळावा घेतला होता. मंडप, पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन, सगळं रीतसर. पाहुण्यांनी "जिद्द असेल तर काहीही शक्य आहे" हे निरनिराळ्या शब्दांत पाऊण तास सांगितलं. शेवटी विचारलं, "कोण कोण शिक्षक होणार?" साठेक मुलांत चार हात वर आले, तेही पुढच्या रांगेत बसल्यामुळे. पोलीस भरती म्हटल्यावर निम्मा मंडप वर आला. वनरक्षक म्हटल्यावर उरलेला.

तेव्हा आम्हाला वाटलं, मुलांना प्रेरणा कमी पडते आहे. आता वाटतं, मुलं आमच्यापेक्षा व्यवहारी होती. पोलीस भरतीत धावायचं असतं आणि धावणं दिसतं. 1600 मीटर किती वेळात पळायचे ते गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं, रोज पहाटे ती रस्त्यावर पळताना दिसतात. शिक्षक व्हायला नेमकं किती पळायचं, ते मंडपातल्या कुणालाच सांगता आलं नसतं. मलाही नाही. 2012 पासून राज्यातली शिक्षकभरती जवळजवळ थांबलेली होती. डी.एड. करून शेतात निंदायला जाणारी माणसं मुलांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्यापुढे आम्ही जिद्दीची गोष्ट करत होतो.

ही मुलगी त्या मेळाव्यालाही होती, हे नंतर कळलं. तिनं हात वर केला नव्हता.

सिटा ते सीता

कुत्र्याच्या प्रसंगानंतर आम्ही सरांना विचारलं, ही मुलगी रोज दोन तास वर्गात बसली तर चालेल का? सर म्हणाले, "चालेल काय, उद्यापासून येऊ द्या." महिना तीन हजार मानधन आमच्याकडून. हुद्दा काहीच नाही. पोरं तिला "बाई" म्हणायला लागली तेवढंच.

पहिले आठ-दहा दिवस ती नुसती दुभाष्याचं काम करायची. मग एका सकाळी सर केंद्रशाळेत मीटिंगला गेले आणि वर्ग तिच्यावर पडला. तिनं खडू-फळ्याला हात लावला नाही. पोरांना अंगणात नेलं, मोहाच्या बिया गोळा करायला लावल्या आणि मिया, बारी, आपै असं कोरकूत मोजत ढीग केले. मग त्याच ढिगांवरून हात फिरवत एक, दोन, तीन. आधी माहीत असलेली गोष्ट, मग तिचं नवं नाव. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे, तिला ते ठाऊक नव्हतं. दुपारी मी पोचले तेव्हा सकाळी गप्प बसणारी पोरं एकमेकांच्या ढिगातल्या बिया चोरत भांडत होती, आणि भांडण मराठी आकड्यांत चाललं होतं.

दिवाळीनंतर गाव रिकामं होऊ लागलं. मेळघाटात हे दर वर्षीचं. सोंगणीला, वीटभट्टीला, अमरावती-परतवाड्याकडे किंवा मध्य प्रदेशात माणसं जातात ती होळीला परत येतात, कारण होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. तिचं घरही निघालं होतं. ती म्हणाली, "मी नाही येत. वर्ग आहे." तिच्या वडिलांनी मला गाठून हिंदीत विचारलं, "मैडम, ये तीन हजार हर महीना पक्का है क्या?" मी म्हटलं, मार्चपर्यंत पक्का. "और उसके बाद?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी म्हटलं, हिला डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, करू द्या. उत्तर सुचत नसलं की आपण माणसाला कोर्स सुचवतो.

लाल शाई

2018 मध्ये तिला खाली, सपाटीवरच्या एका अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला. दोन वर्षांची पदविका. जागा मिळवणं अवघड गेलं नाही. भरती नाही म्हणून विद्यालयं ओस पडली होती, निम्म्या जागा रिकाम्या. शिष्यवृत्ती होती, आदिवासी विकास विभागाचं वसतिगृहही मिळालं. आम्ही खूश. आता पोरगी मार्गी लागली म्हणून आमच्या वार्षिक अहवालात तिचा फोटोही छापला. नको होता छापायला.

पदविकेच्या विद्यार्थ्यांना सराव पाठ घ्यावे लागतात. पाठ टाचण लिहायचं, साहित्य तयार करायचं, परक्या शाळेत वर्गासमोर उभं राहायचं, आणि मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेले. तिची ती वही मी नंतर पाहिली. पहिल्या पाठाखाली लाल शाईत: "ण-न, ळ-ल उच्चार सुधारावेत." दुसऱ्याखाली: "लिंग-वचनाच्या चुका अक्षम्य." चौथ्याखाली नुसतं: "भाषा!" उद्गारचिन्हासकट. शेरे खोटे नव्हते. ती "मुलगा आली" म्हणून जायची, वर्गातली पोरं फिस्सकन हसायची. पण त्या वहीत तिनं कोपऱ्यातल्या पोराला कसं बोलतं केलं किंवा साहित्य कशातून केलं, याबद्दल एक ओळ नव्हती. निरीक्षकाला दिसत होती ती एकच गोष्ट.

तिनं त्यावर सोपा उपाय काढला. बोलणंच बंद केलं. पाठ तोंडपाठ करून म्हणायची आणि खाली बसायची. 2019 च्या होळीला घरी गेली ती परत आलीच नाही.

तेव्हा आम्ही काय केलं, हे लिहायला जड जातं पण लिहिते. आम्ही तिला समजवायला गेलो. "तू तुझ्या समाजाचा आदर्श आहेस. तुझ्याकडे बघून दहा मुली शिकतील." ती चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. म्हणाली, "ताई, आश्रमशाळेत कोरकू बोललं की छडी बसायची. म्हणून मराठी शिकली. आता तिथं म्हणतात माझं मराठी खराब. मग मी कोणत्या भाषेत मास्तरीन होऊ?" पुढे म्हणाली, "आणि दहा मुली माझ्याकडे बघतील तर हेच बघतील ना?"

मी परत आले. गाडीत कुणी बोललं नाही.

तिला परत आणलं ते आम्ही नाही, विद्यालयातल्या एका अध्यापिकेनं. त्या मराठीच्याच होत्या. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीकडून त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी निरोप पाठवला: परत येऊ नकोस हवं तर, पण एक दिवस ये. गुरुवारी भाषेच्या तासाला मला पाहुणी हवी आहे.

त्या तासाची गोष्ट तिच्याकडून आणि त्या बाईंकडून अशी दोनदा ऐकली आहे. बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि हिला म्हणाल्या, या तीसजणांना अर्ध्या तासात पाच कोरकू वाक्यं शिकव. मराठी वापरायचं नाही. हिनं खिशातून खडे काढले, खिडकीबाहेरचं कुत्रं दाखवलं, एका मुलाला उभं केलं, दोघांना उभं केलं. कोरकूत अनेकवचनाचा "कू" सजीवांना लागतो. "कोर" म्हणजे माणूस, "कोरकू" म्हणजे माणसं. हे सूत्र हाती लागल्यावर भावी शिक्षकांनी ते सगळीकडे चिकटवायला सुरुवात केली, खड्यांनाही. ही कोरकूतच काहीतरी म्हणाली आणि एकटीच हसली. बाईंनी विचारलं, काय म्हणालीस? "म्हटलं, दगडात जीव आला का?" मग बाईंनी पिशवीतून लाल पेन काढून तिच्या हातात दिलं आणि तीसजणांनी वहीत लिहिलेली वाक्यं तपासायला सांगितली. एकाचीही पाच वाक्यं बरोबर नव्हती. ज्या मुलाचं हसणं तिला सगळ्यात जास्त लागलं होतं, त्याची दोन बरोबर होती.

तास संपल्यावर बाईंनी वर्गाला एवढंच सांगितलं की मेळघाटात नेमणूक झाली तर तुमच्यासमोर पहिलीचं पोर असं बसलेलं असेल. हिला वेगळं काही सांगितलं नाही. ती त्या रात्री वसतिगृहातच राहिली.

तिची लिंग-वचनं पुढे सुधारली, बरीच. लाल शेरे थांबले नाहीत, पण ती बोलायची थांबली नाही.

83 गुण

टाळेबंदीमुळे दुसऱ्या वर्षाची परीक्षा लांबली, पदविका हाती पडायला उशीर झाला. आता टीईटी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: टीईटी वेगळी आणि टेट वेगळी. टीईटी ही पात्रता परीक्षा, ती नसेल तर शिक्षक म्हणून उभंच राहता येत नाही. टेट ही अभियोग्यता चाचणी, तिच्या गुणांवर पवित्र पोर्टल या सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून निवड होते. डोंगरातल्या मुलांचा या दोन नावांतच एक वर्षभर घोळ चालतो.

टीईटीचा पहिला पेपर 150 गुणांचा. बालमानसशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी 30. म्हणजे 60 गुण निव्वळ भाषेचे. पहिल्या भाषेला मराठी आहे, उर्दू, हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड, अगदी सिंधीही आहे. कोरकू नाही. गोंडी नाही, भिली नाही, वारली नाही. राखीव प्रवर्गाला 55 टक्के लागतात, म्हणजे 83 गुण. नोव्हेंबर 2021 च्या परीक्षेत तिला 77 पडले. दोन्ही भाषा मिळून 24.

महिनाभरात आदल्या टीईटीचा घोटाळा बाहेर आला. सात हजारांहून जास्त उमेदवारांचे गुण पैसे घेऊन वाढवल्याची बातमी. तिनं ती मोबाइलवर वाचली आणि मला पाठवली. खाली काही लिहिलं नव्हतं.

मार्ग सुचला तो तिलाच. केंद्राची सीटीईटी महाराष्ट्रात चालते आणि तिथं प्रश्न हिंदीत असतात. मराठी तिची शाळेची भाषा, हिंदी बाजाराची आणि टीव्हीची. हिंदीत तिला कुणी कधी लाल शाई लावली नव्हती, त्यामुळे हिंदी तिला घाबरवत नव्हती. पहिली भाषा हिंदी, दुसरी मराठी घेतली आणि त्याच हिवाळ्यात पहिल्या प्रयत्नात पास झाली. मराठी राज्यातल्या मराठी शाळेत शिकवायला ती हिंदीच्या दारानं पात्र ठरली.

त्या सीटीईटीची भाषांची यादी मी बारकाईनं वाचली. वीस भाषा. त्यात गारो आहे, खासी आहे, मिझो आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत या तिन्ही नाहीत. म्हणजे आदिवासी भाषेत प्रश्नपत्रिका काढता येत नाही, तज्ज्ञ मिळत नाहीत, लिपीची अडचण आहे, ही कारणं आपल्याकडे जी ऐकवली जातात ती ईशान्येत कुणी ऐकून घेतलेली दिसत नाहीत.

पाण्याला काय म्हणतात

आता या प्रकरणातला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग.

अनुसूचित जमातीच्या जागेवर नोकरी हवी तर जातवैधता प्रमाणपत्र लागतं. हे असायलाच हवं. बनावट दाखल्यांवर हजारो जागा बळकावल्या गेल्या आहेत, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा नेमणुका टिकणार नाहीत असं स्पष्ट सांगितलं ते योग्यच झालं. पण खऱ्या कोरकूनं कोरकू असल्याचं सिद्ध कसं करायचं? जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. सहसा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला चालतो. तिचे आजोबा शाळेत गेले नव्हते. वडील तिसरीपर्यंत. जमातीतली पहिली शिकलेली पिढी असणं हाच तिचा हक्क, आणि त्यासाठी पुरावा मागायचा तो आधीची पिढी शिकली असल्याचा.

कागद कमी पडले म्हणून दक्षता पथकाची चौकशी लागली. अधिकारी गावात आले, ओसरीवर खाटेवर बसले. सभ्य माणूस होता, पाणी मागून प्यायला. मग छापील कागद काढून विचारत गेला. कुलदैवत कोणतं? मुठवा देव कुठं असतो? लग्नात काय करता? मयतानंतर काय विधी? तिनं सिडोली या मयतानंतरच्या विधीचं सांगितलं, मेलेल्यांच्या नावानं कोरून रोवतात त्या लाकडी खांबाचं सांगितलं. मग तो भाषेवर आला. "पाण्याला तुमच्यात काय म्हणतात?"

"डा."

"घराला?"

"उरा."

"कुत्र्याला?"

ती माझ्याकडे बघून हसली. "सिटा."

त्यानं लिहून घेतलं. शिक्षिका होण्याच्या साऱ्या वाटेवर, पदविकेपासून पवित्र पोर्टलपर्यंत, सरकारनं तिच्या कोरकूची परीक्षा घेतली ती ही एकदाच. तीही ती पोरांना शिकवू शकेल का हे बघायला नव्हे, ती खोटं तर बोलत नाही ना हे बघायला. तिथं ती पैकीच्या पैकी गुणांनी पास झाली असती, पण या परीक्षेला गुण नसतात. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे.

शेवटी उपयोगी पडलं कोतवाल बुक. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू नोंदवायचा, आणि नोंदीपुढे जात लिहायचा. तहसीलच्या अभिलेख कक्षात तीन खेपा घातल्यावर तिच्या आजोबांच्या बहिणीच्या जन्माची नोंद सापडली. शाई फिकी, कागदाला वाळवी, पण "कोरकू" हा शब्द वाचता येत होता. कुण्या कोतवालानं स्वातंत्र्याच्या आधी कंटाळत लिहिलेला तो एक शब्द तिच्या पदविकेपेक्षा वजनदार ठरला. वैधता आली.

शंभर टक्के

टेट तिनं 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दिली. 200 प्रश्न, 120 मिनिटं, संगणकावर. गुण साधारण. तरी आशा होती ती पेसामुळे, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्यामुळे. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. राज्यपालांच्या 9 जून 2014 च्या अधिसूचनेनं या क्षेत्रातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी पदं स्थानिक आदिवासींमधून भरायची ठरलं होतं. 2019 मध्ये त्यात प्रमाण आलं: गावात आदिवासी निम्म्याहून जास्त असतील तर शंभर टक्के, त्याखाली पन्नास, त्याखाली पंचवीस.

पण 22 एप्रिल 2020 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी आंध्र प्रदेशाचा असाच नियम रद्द केला होता. आंध्रनं 2000 साली अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांत शंभर टक्के शिक्षक आदिवासीच घ्यायचे असा आदेश काढला होता. कारण दिलं होतं की बाहेरून नेमलेले शिक्षक डोंगरात टिकत नाहीत, गैरहजर राहतात. न्यायालय म्हणालं, शंभर टक्के आरक्षण घटनेत बसत नाही. तिथं राहणाऱ्या दलित, मागास आणि इतरांचा हक्क त्यात पूर्ण बुडतो. झालेल्या नेमणुका अटी घालून राखल्या, पण पुढचं दार बंद. तोच धागा धरून महाराष्ट्राची पेसा भरतीही सर्वोच्च न्यायालयात गेली आणि अडकली.

इथं माझं मत आमच्या कार्यकर्त्या मित्रांना आवडत नाही, तरी मांडते. न्यायालयाचा युक्तिवाद मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. धारणीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा गवळी किंवा बलाई पोरगा अस्खलित कोरकू बोलतो. त्यानं कोरकू गावात का शिकवू नये? उलट नाशिककडचा कोकणा किंवा महादेव कोळी शिक्षक जमातीच्या कोट्यातून मेळघाटात आला, तर तो अकोल्याच्या सरांइतकाच परका. कागदावर "आदिवासी शाळेत आदिवासी शिक्षक" होतं आणि पहिलीतलं पोर "सिटा" म्हणून गप्प बसतं ते बसतंच. आपण मोजतो जात, गरज असते भाषेची. भरतीच्या जाहिरातीत "कोरकू बोलता येणं आवश्यक" एवढी एक ओळ असती, त्याची साधी तोंडी परीक्षा असती, तर निवडलेल्यांत बहुसंख्य कोरकू मुलंमुलीच आली असती आणि टक्केवारीचा वाद इतका पेटला नसता. घटनेचं कलम 350-अ प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला 1956 पासून सांगतं आहे. मातृभाषेतून शिकवायला ती बोलणारा माणूस लागतो, ही गोष्ट कलमात लिहायची राहिली असावी.

असो. 2024 च्या ऑगस्टमध्ये नाशिकला पेसा भरतीसाठी उपोषण झालं. 4 ऑक्टोबरला विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी सहकारी आमदारांसह मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या, ते चित्र सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. धनगर समाजाला जमातींत घेऊ नये ही एक मागणी, पेसा भरती ही दुसरी. त्यानंतर सरकारनं तोडगा काढला: न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत निवड झालेल्यांना मानधनावर नेमायचं.

त्या तोडग्यातून ती आज शाळेत आहे. स्वतःच्या गावात नाही, पण त्याच खोऱ्यात, दोन डोंगर पलीकडे. मानधन आहे, कायम नाही. निकाल उलटा लागला तर काय, हे कुणी सांगत नाही. वडिलांनी 2016 साली विचारलेला "और उसके बाद?" अजून तिथंच आहे. रुजू होताना भरायच्या फॉर्ममध्ये "अवगत भाषा" असा रकाना होता, त्यात तीन जागा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भरल्या. चौथी तिनं समासात लिहिली. लिपिकानं काही म्हटलं नाही, पण संगणकात भरताना समास राहून गेला.

आम्ही मेळावे बंद केले आहेत. त्या पैशातून तीन गावांत बारावी झालेल्या मुलींना पहिलीच्या वर्गात बसवतो, मार्चपर्यंत नव्हे, पूर्ण वर्ष. आणि एका निवृत्त अव्वल कारकुनांना धरून ठेवलं आहे. ते शनिवारी धारणीत बसतात आणि कागद बघतात. जिद्दीबद्दल ते काही बोलत नाहीत.

मागच्या होळीला ती घरी आली होती. फगव्याची धामधूम, ढोल, मोहाचा वास. दोन मुली ओसरीवर तिची वाट बघत बसल्या होत्या, एक बारावीची, एक अकरावीची. मला वाटलं, विचारतील की ताई, शिक्षिका कसं व्हायचं. बारावीवालीनं वही उघडली, पेन काढलं आणि कोरकूत काहीतरी विचारलं. त्यातले दोनच शब्द मला कळले: "कोतवाल बुक".